पत्रकारितेची डिग्री घ्यावी का? एका दीडशे वर्षं जुन्या भांडणाची गोष्ट

आजचा एपिसोड एका फोनमुळे झालाय, म्हणून आधी फोनची गोष्ट.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. एरवी ती व्हॉइस नोट पाठवते, तीही एवढी लांब की दीडपट वेगाने ऐकावी लागते. या वेळी थेट फोन. बारावीचा निकाल लागला होता आणि तिला पत्रकारितेच्या डिग्रीला ॲडमिशन घ्यायचं होतं. काका म्हणाले होते, घरात भावाची वाट बघत ठेवलेलं सोयाबीन विकतो आणि फी भरतो, पण आधी दादाला विचार, ही डिग्री खरंच कामाची आहे का. दादा म्हणजे मी. आमच्या अख्ख्या खानदानात ही डिग्री केलेला एकमेव माणूस.

आणि मंडळी, मला उत्तरच देता आलं नाही. 'घे' म्हणायला जीभ रेटेना, 'नको' म्हणवेना.

कारण सांगतो. मी जिथे शिकलो त्या कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, अशी कॉलेजं पैशाला पासरी आहेत. तिथे कॅमेरा एका लोखंडी कपाटात असायचा, कपाटाची किल्ली सरांकडे असायची आणि सर रजेवर असायचे. तीन वर्षांत मी तो कॅमेरा दोनदा हातात धरला, त्यातला एकदा विभागाच्या ग्रुप फोटोसाठी. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये आदल्या बॅचच्या बातम्या उतरवून काढायची प्रथा होती. एक पूल माझ्या आदल्या बॅचच्या फाइलमध्ये वाहून गेला होता, तो माझ्या फाइलमध्ये वाहून गेला आणि माझ्या नंतरच्या पोरांच्या फाइलमध्येही वाहून गेला. (इथे मी हसलोय, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.)

पण त्याच कॉलेजात एक बाई होत्या. त्यांनी आम्हाला जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक वाचायला शिकवलं. रकाना रकाना. तरतूद किती, सुधारित अंदाज किती, खर्च किती, आणि मार्चमध्ये अचानक खर्च का वाढतो. आज मी जे काही कमावतो त्यातलं निम्मं त्या बाईंमुळे. मग ती डिग्री वाया गेली असं म्हणू का? म्हणता येत नाही. चांगली होती असं म्हणू? तेही नाही.

मग मी नेहमीचा उपाय केला. हा प्रश्न आधी कुणाला पडला होता, ते शोधायला बसलो. आणि कळलं की पत्रकारितेची डिग्री जन्मायच्या आधीपासून हे भांडण चालू आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं, तेव्हा ते विशीत होते. त्यांना पत्रकारिता कुणी शिकवली? कुणीच नाही. मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ चं. पण बाळशास्त्री अडाणी होते का? अनेक भाषा, गणित, खगोल, इतिहास, सगळ्यात गती असलेला माणूस. पुढे १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला. टिळक गणित घेऊन बीए, वर एलएलबी. पहिले संपादक आगरकर, ते एमए. म्हणजे आपल्याकडे पत्रकार हा शिकलेला माणूस होता, पण पत्रकारिता शिकलेला नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अमेरिकेत जाऊ. यादवी युद्धात हरलेला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली युद्धानंतर व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टन गावी एका छोट्या कॉलेजचा अध्यक्ष झाला होता. १८६९ मध्ये त्याने योजना मांडली, की छपाई आणि पत्रकारितेत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना शिष्यवृत्त्या द्यायच्या. कॉलेजात शिकायचं आणि गावातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. नामवंत संपादकांनी खिल्ली उडवली. 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये हयात घालवलेल्या फ्रेडरिक हडसन यांचं म्हणणं असं, की पत्रकारिता शिकायची जागा एकच, मोठ्या वर्तमानपत्राचं ऑफिस. पुढच्याच वर्षी ली गेला आणि काही वर्षांत योजनाही गेली.

'डिग्रीने काय होतं, फिल्डवर उतर' हे वाक्य तुम्ही कुठल्याही न्यूजरूममध्ये आजही ऐकाल. ते इतकं जुनं आहे.

यानंतर येतो या गोष्टीतला मला सर्वात आवडणारा आणि सर्वात गोंधळात टाकणारा माणूस, जोसेफ पुलित्झर. हंगेरीतून आलेला, अमेरिकेत उतरला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. पुढे सेंट लुइसमध्ये आणि मग न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांचा मालक. त्याचं 'वर्ल्ड' आणि हर्स्टचं 'जर्नल' यांची १८९० च्या दशकात जी मारामारी झाली, भडक मथळे, सनसनाटी, त्यातूनच 'पीत पत्रकारिता' हा शब्द आला. आणि हाच माणूस १८९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाकडे गेला, की मी पैसे देतो, पत्रकारितेचं कॉलेज काढा. विद्यापीठाने नाही म्हटलं. हे म्हणजे गुटखा कंपनीच्या मालकाने दातांचा दवाखाना काढायला निघावं तसं. मला वाटतं त्याला आपण काय करून ठेवलंय ते कळत होतं. पण हा माझा अंदाज, इतिहास नव्हे.

१९०३ मध्ये कोलंबिया तयार झालं. आकडा होता वीस लाख डॉलर. मे १९०४ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' मासिकात पुलित्झरने एक लांबलचक लेख लिहिला. त्याची नजर तोवर जवळजवळ गेलेली होती. लोक म्हणत, पत्रकार जन्मावा लागतो, घडवता येत नाही. पुलित्झरचं त्यावर उत्तर असं, की नुसत्या जन्माच्या जोरावर माणूस यशस्वीपणे भूषवू शकेल असं मला एकच पद आठवतं, ते म्हणजे मूर्खाचं. बाकी सगळं शिकावं लागतं.

आणि शिकवायचं काय? इथे खरी गंमत आहे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी एक आराखडा दिला होता, त्यात जाहिरात, खप, वर्तमानपत्राचा कारभार, असा धंद्याचा भाग होता. पुलित्झरने तो नाकारला. स्वतः कोट्यधीश मालक, पण म्हणाला की धंदा शिकवायचा नाही. कायदा शिकवा, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, आकडेवारी, नीती, भाषा शिकवा. आकडेवारी! १९०४ मध्ये. माझ्या डिग्रीत एक पेपर नव्हता मंडळी. त्या बाईंनी अंदाजपत्रक शिकवलं ते स्वतःच्या हौसेने, सिलॅबसमध्ये ते नव्हतंच.

पैसे ठरले तरी कॉलेज सुरू व्हायला वेळ लागला. सल्लागार मंडळावर कोण असावं यावरून पुलित्झर आणि कोलंबियाचे अध्यक्ष बटलर यांचे खटके उडाले आणि काम लांबलं. १९११ मध्ये पुलित्झर वारला. १९१२ मध्ये वर्ग सुरू झाले.

दरम्यान तिसऱ्याच माणसाने बाजी मारली. मिसुरी विद्यापीठात सप्टेंबर १९०८ मध्ये पत्रकारितेचं स्कूल उघडलं. ज्या गावात उघडलं त्याचं नाव कोलंबिया, त्यामुळे गोंधळ होतो, पण न्यूयॉर्कच्या कोलंबियाशी याचा संबंध नाही. पहिले डीन वॉल्टर विल्यम्स. यांनी स्वतः कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, छापखान्यात उमेदवारी करून वर आलेले. त्यांनी काय केलं, तर ज्या दिवशी वर्ग सुरू झाले त्याच दिवशी पेपरचा पहिला अंक काढला. विद्यार्थ्यांनी काढायचा, शिक्षकांनी संपादन करायचं, आणि तो भिंतीवर लावायचा फळा नव्हता, गावातल्या लोकांनी वाचायचा खराखुरा पेपर होता. चूक झाली तर ती गावात छापून येणार. त्या फाइलमध्ये पूल तीनदा वाहून जाऊ शकत नाही, कारण पुलावरून जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन उभा राहील.

म्हणजे उत्तरं तीन झाली. हडसन म्हणतो, कॉलेज नकोच. विल्यम्स म्हणतो, कॉलेजातच पेपर काढा. पुलित्झर म्हणतो, आधी डोक्यात काहीतरी भरा.

आता मला या शोधात सापडलेली, माझ्यासाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट. न्यूयॉर्कच्या कोलंबियात पत्रकारितेचे वर्ग १९१२ ला सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा मराठी तरुण त्याच विद्यापीठात दाखल झाला. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचा विषय पत्रकारिता नव्हता. अर्थशास्त्र मुख्य, सोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. पुलित्झरची यादी आठवा आणि ही यादी शेजारी ठेवा. बरीचशी जुळते.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरी, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. पहिल्याच अंकात त्यांनी काय केलं? तेव्हाच्या वर्तमानपत्रांची झडती घेतली. मुद्दा असा, की यातली बरीचशी पत्रं एकेका जातीचं हित पाहणारी आहेत आणि बहिष्कृतांच्या प्रश्नाला तिथे जागा नाही. 'केसरी'ने तर 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. पेपर कुणाचा आहे, तो कुणासाठी बोलतो, काय छापत नाही, हे आज मीडिया स्टडीजच्या पेपरात दहा मार्कांना विचारतात. बाबासाहेबांनी ते पत्रकारितेची डिग्री न घेता, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या जोरावर लिहून ठेवलं. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता'.

म्हणून डिग्री नको, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी थांबवतो. बाबासाहेबांसारखी अभ्यासाची बैठक असेल तर कसलीच डिग्री अडवत नाही. प्रश्न माझ्या मावसबहिणीसारख्यांचा आहे, ज्यांच्या घरात पेपरसुद्धा रोज येत नाही आणि ज्यांना न्यूजरूममध्ये ओळखीचं कुणी नाही. हडसनचं 'ऑफिसात शिका' हे ज्याला ऑफिसात घेतात त्याच्यासाठी ठीक आहे. दाराबाहेरच्याला कॉलेज हेच दार असतं. हे मला त्या रात्री फोनवर सुचलं नव्हतं.

भारतात ही डिग्री कशी आली ते भराभर सांगतो. १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात विभाग सुरू झाला. चालवणारे पी. पी. सिंग, तेही मिसुरीत शिकून आलेले. फाळणी झाली, विभाग निर्वासित होऊन दिल्लीत आला, १९६२ मध्ये चंदीगडला गेला. आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजात १९५२-५३ च्या सुमारास सुरुवात झाली, त्यासाठी अमेरिकेच्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वोल्सली आले होते. पुण्यात १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विभाग सुरू झाला. जुने लोक अजून त्याला 'वृत्तपत्रविद्या' म्हणतात. मला हा शब्द आवडतो, विद्या म्हटलं की जरा भार येतो.

यात एक बारीक गोष्ट आहे, जी फी भरणाऱ्याने बघायलाच हवी. त्या काळी अनेक ठिकाणी पत्रकारितेची पदवी ही पदवीनंतरची होती. आधी बीए, बीकॉम, बीएस्सी, काहीही करा, मग एक वर्षाचं बीजे. म्हणजे विषय आधी, कसब नंतर. २००० मध्ये मुंबई विद्यापीठाने बीएमएम आणलं, बारावीनंतर थेट तीन वर्षं. आता त्याचं नाव बीएएमएमसी आहे. त्यामुळे अठरा वर्षांच्या पोरांना माध्यमांचं दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण पूर्वी बीए करणारा जे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र तीन वर्षं वाचत होता, त्याची जबाबदारी आता पत्रकारितेच्या कॉलेजवर आली. ते ती उचलतात का, हे कॉलेज बघून ठरतं.

आणि कॉलेज कसं बघायचं? डॉक्टरकीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे, वकिलीला बार कौन्सिल आहे. पत्रकारितेला तसं कुणी नाही. २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांना किमान शैक्षणिक पात्रता असावी म्हणून समिती नेमली होती. गदारोळ झाला, कायदा झाला नाही. मला विचाराल तर बरं झालं. पत्रकार कोण हे सरकारने ठरवायला लागलं की संपलंच. पण त्याची दुसरी बाजू अशी, की डिग्री चांगली की वाईट हे तपासणारा वेगळा डोळा आपल्याकडे नाही. नॅक आहे, १९९४ पासून, पण नॅक तपासतं ते अख्ख्या कॉलेजला किंवा विद्यापीठाला. वेबसाइटवर मिरवलेला 'ए' बीकॉम, बीएस्सी, ग्रंथालय, सगळ्यांचा मिळून असतो. पत्रकारिता विभागात दोनच शिक्षक आणि तेही तासिका तत्त्वावर असतील, तर त्या 'ए'मध्ये ते दिसणार नाही.

अमेरिकेत फक्त पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद आहे. तिचा एक नियम मला फार आवडला. लेखन, रिपोर्टिंग अशा कसबाच्या वर्गात एका तुकडीत वीसपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. कारण साधं आहे, शिक्षकाने प्रत्येकाची कॉपी लाल पेनाने वाचायची तर वीसच्या वर जमत नाही. आमच्या वर्गात साठ होतो. माझ्या बातमीवर तीन वर्षांत एकदा लाल शाई उमटली, तीही नाव चुकीच्या जागी लिहिलं म्हणून.

पण तिथेही सगळं आलबेल नाही. २०१७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नावाजलेल्या मेडिल स्कूलने ही मान्यता पुन्हा घ्यायचीच नाही असं ठरवलं. त्यांचं म्हणणं, ही तपासणी वरवरची आहे, वेळ खाते आणि सुधारणा काही होत नाही. आणि खुद्द पुलित्झरच्या कोलंबियात २००२ मध्ये नवे अध्यक्ष ली बोलिंजर आले, तेव्हा नव्या डीनचा शोध चालू होता. त्यांनी तो मध्येच थांबवला, कारण आधुनिक पत्रकारितेच्या स्कूलने नक्की काय शिकवायचं हेच ठरलेलं नाही! नव्वद वर्षं चाललेल्या स्कूलबद्दल. समिती बसली, खूप वाद झाला, मग निकोलस लेमन डीन झाले आणि २००५ मध्ये वेगळं एमए आलं, ज्यात आधीच पत्रकारितेत असलेल्यांनी अर्थकारण, राजकारण, विज्ञान, असा एखादा विषय खोलात शिकायचा. म्हणजे पुन्हा पुलित्झरची यादी.

हे सगळं वाचून मी मावसबहिणीला फोन लावला. आता माझ्याकडे 'घे' किंवा 'नको' नव्हतं, पण तिला तिथे जाऊन विचारायला गोष्टी होत्या. म्हटलं, माहितीपत्रक ठेव बाजूला, ॲडमिशनच्या दिवशीही जाऊ नकोस, साध्या मंगळवारी जा. विद्यार्थी काही छापतात का, यूट्यूबवर काही टाकतात का, शेवटचं कधी टाकलं, ते बघ. गेल्या वर्षीच्या टॉपरचा फोटो भिंतीवर असेल, तो सोड, मधल्या दहा जणांची नावं विचार आणि ते आज कुठे आहेत ते विचार. कायमचे शिक्षक किती. एका तुकडीत किती पोरं. कॅमेऱ्याची किल्ली कुणाकडे असते, हे तर विचारच. आणि अर्थशास्त्र किंवा आकडेवारी कोण शिकवतं.

"दादा, एवढं विचारलं तर ते मला हाकलून देतील."

मी म्हटलं, हाकललं तर तेही उत्तरच आहे. आणि तुला पत्रकार व्हायचंय ना? मग ही पहिली असाइनमेंट समज. तिला दुसरा रस्ताही सांगितला, की गावाजवळच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बीए कर, कमी फीत होईल, आणि मग पत्रकारितेचं एखादं वर्ष-दोन वर्षांचं कर. तो तिला फारसा आवडला नाही. मैत्रिणी शहरात चालल्यात, हे खरं कारण, आणि अठराव्या वर्षी ते कारण छोटं नसतं.

मंगळवारी ती गेली. संध्याकाळी माझ्या फोनवर चौदा फोटो. विभागाच्या फलकावर विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकाचा शेवटचा अंक होता, त्यावरची तारीख तीन वर्षांपूर्वीची. स्टुडिओच्या दाराला कुलूप. तीन शिक्षक, त्यातल्या एक कायम. त्या एकट्या भेटल्या, त्यांनी तिला चहा पाजला आणि पाऊण तास बोलल्या. मधल्या दहा जणांपैकी सहा जणांचे नंबर त्यांनी स्वतः दिले, त्या पोरांना आधी विचारून. शेवटी तिने व्हॉइस नोट टाकली होती, नऊ मिनिटांची: "दादा, कॉलेज तू सांगितलंस तसंच आहे, पण त्या मॅडम त्या तुझ्या बाईंसारख्या आहेत. आता काय करू?"

काकांनी सोयाबीन अजून विकलेलं नाही. तिने त्या सहापैकी चार जणांना फोन केलेत, दोन राहिलेत. शनिवारी ती दुसऱ्या शहरातलं एक कॉलेज बघायला जाणार आहे आणि या वेळी सोबत मी जातोय.